काशीला सोडलेलं वांगं

कोंडाजीनं जन्मभर पाणी सोडलं. म्हणजे तो पालिकेत व्हॉल्व्हमन होता. पंचवटीतल्या पाच-सहा गल्ल्यांचं पाणी त्याच्या हातात. पहाटे सायकलीला लांबलचक लोखंडी चावी बांधून तो निघायचा, रस्त्यातलं झाकण उचलायचा, चावी आत घालून वेढे द्यायचा आणि मग घरोघरचे नळ खोकत खोकत जागे व्हायचे. सकाळच्या प्रहरी तिथं देवाच्या आधी कोंडाजीचं नाव घेतलं जाई, आणि पंचवटीत देव काही कमी नाहीत.

या माणसाला एकच गोष्ट जमत नसे, ती म्हणजे 'नाही' म्हणणं. "कोंडाजी, उद्या जरा जास्त वेळ सोड रे, पाहुणे हायेत." "सोडू की." "कोंडाजी, आमच्या गल्लीला आधी सोड." "तुमच्यालाच आधी." पलीकडच्या गल्लीलाही तो हेच सांगून आलेला असायचा. फसवायचं त्याच्या मनात नसे. समोरच्याचा चेहरा पडलेला त्याला बघवायचा नाही, एवढंच. त्यामुळं तो सगळ्यांना आवडायचा आणि नको असलेला चहा दिवसातून सात घरी प्यायचा.

या स्वभावाचा पहिला दणका त्याला वांग्यानं दिला.

त्याची आई आक्काबाई वांग्याची भाजी करायची. तिला भाजी म्हणायचं ते आईबद्दलच्या आदरानं. वांग्याच्या मोठ्या फोडी, त्यावर तांब्याभर पाणी, वर चिंच आणि भलामोठा गुळाचा खडा. हे सगळं चुलीवर ठेवून आक्काबाई शेजारी गप्पा मारायला जायची. परत यायची तोवर वांग्याची साल एकीकडे, गर दुसरीकडे आणि बिया सगळीकडे झालेल्या असत. ताटात वाढली की ती भाजी भाकरीपासून मिठापर्यंत सगळ्यांना भेटून यायची. लहानग्या कोंडाच्या पोटात ती नुसती बघून ढवळायचं. पण पोरगं हुशार. त्यानं ठरवलं, नको ते आधी संपवावं, म्हणजे मग उरलेलं जेवण सुखानं होईल. म्हणून तो पहिल्याप्रथम वांगं गिळायचा, न चावता, श्वास रोखून.

आक्काबाईनं बघितलं की पोराच्या ताटातली पहिली संपते ती वांग्याची भाजी. "माझ्या कोंडाला वांगं म्हणजे जीव की प्राण!" असं म्हणत तिनं आणखी एक पळी वाढली. हातात पळी आणि चेहऱ्यावर तो आनंद. कोंडा काय बोलणार? त्यानं तीही गिळली. त्या दिवसापासून सगळ्या नातेवाइकांत जाहीर झालं की कोंडाला वांगं फार आवडतं. मावशीकडे गेला तरी वांगं. आजारातून उठला तरी वांगं. वाढदिवसाला शेजाऱ्यांच्या पोरांना खीर मिळे, याला खीर आणि वांगं.

पुढं त्याचं लग्न झालं. मुलगी सटाण्याकडची, नाव लंका. ती जन्मली तेव्हा बापाला सोन्याची वाटली म्हणून त्यानं हौसेनं ठेवलेलं नाव. ती उद्या सासरी कुठं पडेल याचा विचार त्यानं केला नव्हता. आणि पडली कुठं, तर पंचवटीत. जिथं एकाआड एक दुकान रामाच्या नावाचं, तिथं लंकाबाई नांदायला आली. सुरुवातीला रेशनच्या दुकानात तिचं नाव पुकारलं की रांगेतले पुजारी मान वळवून बघायचे.

माहेराहून तिनं दोन गोष्टी आणल्या. एक तिची अहिराणी बोली, आणि दुसरी लाकडाची खोलगट बडगी, भरीत ठेचायची. पहिल्याच आठवड्यात तिनं माहेरच्यासारखं भरीत केलं. विस्तवावर भाजलेलं, हिरव्या मिरचीचं, डोळ्यांतून पाणी काढणारं. कोंडाजी तेव्हा कामावर होता. आक्काबाईनं एक घास घेतला, तीन भांडी पाणी प्यायली आणि म्हणाली, "आमच्यात असलं खात नाहीत." उरलेलं भरीत शेजारच्या बकरीला गेलं. बकरीनं नावं ठेवली नाहीत. लंकाबाई अहिराणीत काहीतरी पुटपुटली, त्यावर आक्काबाई म्हणाली, "आमच्यात असं बोलत नाहीत." मग बडगीत कपड्यांचे चिमटे ठेवले जाऊ लागले, आणि काही वर्षांनी चिमट्यांसकट ती माळ्यावर गेली. लंकाबाईची बोलीही बहुधा तिच्याच बरोबर गेली असावी.

आक्काबाईनं सुनेला गुळाची ती पाणीदार भाजी शिकवली. "माझ्या कोंडाला अशीच लागते हो." लंकाबाई मन लावून शिकली. इतकी, की चव डिट्टो आली. कोंडाजीनं पहिल्या घासाला बायकोकडे बघितलं. ती पदर धरून उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर आक्काबाईचा तो पळीवाला आनंद होता. कोंडाजीनं श्वास रोखला आणि गिळली.

वर्षं गेली. मुलगा ललित शिकून पुण्याला गेला आणि तिथलाच झाला. यथावकाश आक्काबाई म्हातारी होऊन वारली. कोंडाजी रडला, खरंखुरं रडला. पण रडता रडता त्याच्या मनात आलं की आता आईबरोबर ती भाजीही जाईल, आणि असं मनात आलं म्हणून त्याला आणखी रडू आलं.

दहाव्याला सगळे रामकुंडावर जमले. पिंड ठेवला. कावळे होते, झाडभर होते, पण एक खाली येईना. एरवी हे कावळे कुणाचंही खातात. पिशवीतलं फरसाण पळवतात. त्या दिवशी मात्र सगळे शहाण्यासारखे फांदीवर बसून राहिले. म्हातारीचा जीव कशात अडकलाय, याचा शोध सुरू झाला. कुणी म्हणालं, "ललितचं लग्न करू." कावळा हलला नाही. कुणी म्हणालं, "देवीला जाऊन येऊ." छे. ऊन चढलं, भटजी घड्याळ बघायला लागले. तेवढ्यात लंकाबाई पुढं झाली, हात जोडले आणि म्हणाली, "आई, काळजी करू नका. तुमच्या कोंडाला वांग्याची भाजी तुमच्यासारखीच करून घालीन. जन्मभर."

शब्द तोंडातून सुटायचा अवकाश, वरून एक काळाकुट्ट कावळा झेपावला आणि पिंडावर तुटून पडला. लोकांनी हात जोडले. बायकांनी डोळे पुसले. यात आक्काबाईचा आत्मा किती आणि कावळ्याची भूक किती, कोण सांगणार! पण कोंडाजीच्या पायाखालची जमीन सरकली. आधी वांग्यामागं फक्त आई होती. आता परलोक उभा राहिला.

त्यानंतर भाजी वाढली. दिलेला शब्द म्हणून लंकाबाई आठवड्यातून दोनदा करू लागली. कोंडाजी गिळत राहिला. त्याची नोकरी संपली, सायकल गेली, चावी गेली, वांगं राहिलं.

सुटका झाली ती शेजारच्या सहादूमुळं. सहादू हा आळीतला बातमीदार. त्याच्या पोटात अन्न राहायचं, बाकी काही राहायचं नाही. त्यानं काशीयात्रेची बस ठरवली आणि कोंडाजी-लंकाबाईची नावं घातली. नाशिककर गोदावरीलाच गंगा म्हणतो; घरापासून चालत जायच्या अंतरावर गंगा असताना दुसऱ्या गंगेसाठी बसमध्ये कंबर मोडून घेणं कोंडाजीला पटत नव्हतं. पण सहादूचा चेहरा पडला असता.

बसमध्ये सहादूनं माहिती दिली. "काशीला गेल्यावर आवडीची एक वस्तू सोडायची असती, भाऊ. हातात पाणी घ्यायचं, नाव घ्यायचं, सोडून द्यायचं. मग मरेपर्यंत तोंडाला लावायची नाय. आईबापाला दिलेला शब्दपण त्याच्यापुढं चालत नाय. काशी म्हणजे सुप्रीम कोर्ट."

कोंडाजी सरळ बसला. उरलेल्या प्रवासात त्याला झोप आली नाही.

काशीच्या घाटावर सगळे ओळीनं बसले. गुरुजी मराठी जाणणारे होते आणि घाईत होते. "सर्वांत प्रिय वस्तू मनात आणा," असं ते म्हणाले, आणि यात्रेकरू एकेक करून आपली प्रिय वस्तू सोडू लागले. कुणाला कारलं प्रिय निघालं, कुणाला सुरण. एका मधुमेही गृहस्थांनी साखर सोडली. सहादूनं तोंडली सोडली. त्याच्या घरी तोंडली कधी येत नसत. देवाच्या दारात एवढ्या नावडत्या भाज्या एका सकाळी साठल्या, पण गुरुजींनी सगळ्यांवर मंत्र म्हटला.

लंकाबाईची पाळी आली. ती म्हणाली, "सीताफळ."

हे मात्र खरं होतं. सीताफळावर तिचा जीव. मोसम आला की मांडीवर टोपली घेऊन पायरीवर बसायची आणि कुणाशी बोलायची नाही. हातातलं पाणी तिनं थेंब थेंब करून सोडलं. सहादू मागून ओरडला, "बघा रे! शेवटी लंकेनं सीता सोडली!" अख्खा घाट हसला. गुरुजीही हसले.

मग कोंडाजी. त्यानं ओंजळीत पाणी घेतलं, घसा साफ केला आणि जन्मात पहिल्यांदा खणखणीत आवाजात म्हणाला, "वांगं."

लंकाबाईनं चमकून त्याच्याकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले. हा साधा, गप्प माणूस एवढा मोठा त्याग करील असं तिला वाटलं नव्हतं. ती नजर बघून कोंडाजीला शब्द मागं घ्यावासा वाटला, पण ओंजळ तोवर रिकामी झाली होती. जन्मभर त्यानं दुसऱ्यांसाठी पाणी सोडलं. त्या दिवशी स्वतःसाठी सोडलं, आणि तेही वांग्यावर.

काशीहून आलं की मावंदं घालावं लागतं. गंगेच्या पाण्याची पूजा होते आणि आळीला जेवण. त्या पंगतीत सहादूनं कोंडाजीचा त्याग असा रंगवला की दोन बायकांना हुंदका आला. "आम्ही काय, तोंडली-बिंडली सोडली. पण या माणसानं काळीज काढून दिलं, काळीज!" झालं. कोंडाजी महात्मा झाला. तो बाजारात दिसला की भाजीवाल्या वांग्यांच्या ढिगावर गोणपाट टाकायच्या, त्याला त्रास नको म्हणून. चांदवडला भाच्याच्या साखरपुड्यात त्याच्यासाठी आचाऱ्यानं मसाल्याची वांगी रद्द केली. बाकीचे पाहुणे त्याच्याकडे रागानं आणि आदरानं बघत बटाटा खात होते. गल्लीतले टवाळ त्याला 'वांगेमहाराज' म्हणू लागले. कोंडाजी नुसता हसायचा. घरी मेथी, मटकी, पिठलं, बटाटा असं रोज नवं काही मिळे आणि तो चावून चावून जेवायचा. इतकं सुख त्याला कधी मिळालं नव्हतं.

मग चंपाषष्ठी आली. खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य. सकाळी लंकाबाई म्हणाली, "अहो, एक विचारू? तुम्ही आता खात नाही. मग आज भरीत माझ्या माहेरासारखं करू? माझ्यापुरतंच."

"कर की," कोंडाजी म्हणाला. त्याचं काय जात होतं?

लंकाबाई स्टुलावर चढली आणि तिनं माळ्यावरून बडगी काढली. चिमटे खाली ओतले. बडगी धुतली, उन्हात ठेवली. भावानं कधीतरी डाळिंबाच्या छाटणीच्या काटक्या गोणी भरून आणून दिल्या होत्या. त्या तिनं गच्चीवर पेटवल्या आणि त्यावर हिरवी-पांढरी, लांबट, भरताची वांगी टाकली. कोंडाजी खाली पेपर वाचत होता. सवयीनं त्यानं श्वास रोखला.

पण श्वास किती वेळ रोखणार? सोडला, घेतला, आणि पेपर खाली आला. जळत्या सालीचा वास, मग लसणाचा, मग तेलात तडतडणाऱ्या मिरचीचा. वर बडगीत ठेचल्याचा आवाज. शेंगदाणे पडले, कांद्याची पात पडली, प्रत्येक गोष्ट त्याला वासावरून कळली. पोटात ढवळण्याची वाट बघत तो बसला होता. ढवळलं नाही. उलट तोंडाला पाणी सुटलं.

हे काय भलतंच, असं म्हणून तो घाटावर फिरून आला. परत आला तर लंकाबाई नैवेद्य घेऊन खंडेरावाच्या देवळात निघाली होती. "भरीत झाकून ठेवलंय," ती म्हणाली. "तुम्ही त्या बाजूला जाऊ नका, उगाच जीव तुटेल."

ती गेली. कोंडाजी त्या बाजूला गेला. झाकण उचलून नुसतं बघितलं. मग बोट लावलं. मग ते बोट तोंडात गेलं, आणि मग काही वेळ त्याला काशी, कावळा, आई, कुणीच आठवलं नाही. तिखट थेट डोक्यात गेलं. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि हात थांबेना. बाजरीची भाकरी मोडली, कांदा बुक्कीनं फोडला आणि पातेलं अर्धं केलं. उतारवयात या माणसाला वांगं आवडलं. तेही सोडल्यावर.

"मांजर आलं होतं," लंकाबाई परतल्यावर तो म्हणाला.

लंकाबाईनं पातेल्यात बघितलं, त्याच्याकडे बघितलं. "बिचारं," ती म्हणाली. "भुकेलं असेल."

पुढच्या रविवारी तिनं पुन्हा भरीत केलं. खंडेरावाचा वार म्हणून ती देवळात गेली आणि मांजर पुन्हा आलं. त्याच्या पुढच्या रविवारी भरीत जास्त होतं, भाकऱ्या जास्त होत्या आणि पातेल्याशेजारी एक कांदा आपोआप काढून ठेवलेला होता. कोंडाजीला यात काही खटकायला हवं होतं. पण आठवडाभर तो रविवारची वाट बघायचा आणि रविवारी त्याचं डोकं चालत नसे. बाजारात भाजीवाल्यांनी वांग्यांवर गोणपाट टाकलं की आता त्याचा जीव खरंच तुटायचा. सहादू भेटला की म्हणायचा, "भाऊ, तुमच्यासारखा निग्रह नाय पाहिला," आणि कोंडाजी मिशीवरून हात फिरवायचा, काही चिकटलं तर नाही ना म्हणून.

त्याला भीती होती ती सहादूची नव्हती. आळी हसली असती, चार दिवसांत विसरली असती. काशीच्या घाटावर लंकाबाईनं ज्या नजरेनं त्याच्याकडे बघितलं होतं, ती नजर जाईल याची त्याला भीती होती. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण तसं तिनं पूर्वी कधी बघितलं नव्हतं.

एका रविवारी ती भंडाऱ्याची डबी विसरली आणि कोपऱ्यावरून परत फिरली.

कोंडाजी स्वयंपाकघरात फरशीवर बसला होता, पातेलं मांडीत, तोंड भरलेलं, मिशीला भरीत. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. "मांजर..." त्यानं सुरुवात केली.

"मांजर झाकण परत ठेवत नाही," लंकाबाई म्हणाली. "कांदा फोडून खात नाही. आणि भाकरी दुमडून तर मुळीच नाही." ती शांत होती. पिशवी खाली ठेवून ती समोर बसली. "मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. म्हटलं, किती जीव असेल या माणसाचा वांग्यावर! काशीला सोडलं आणि राहवत नाही. पाप लागेल यांना. म्हणून दर रविवारी खंडेरावापुढं नाक घासते मी तुमच्यासाठी. म्हणते, देवा, यांच्या वाटचं मला दे. शनिवारचा उपास धरलाय तुमच्या नावानं."

ती रागावली असती तर कोंडाजी 'हो हो' म्हणून मोकळा झाला असता. पण आपल्यासाठी ही बाई उपाशी राहते, हे त्याला सोसेना. त्यानं तोंडातला घास गिळला.

"लंका," तो म्हणाला, "मला वांगं आवडत नाय."

"काय?"

"आवडत नाय. कधीच आवडलं नाय. आईच्या हातचं नाय, तू केलेलं ते गुळाचंही नाय. काशीला मी सुटका म्हणून सोडलं." एकदा व्हॉल्व्ह उघडल्यावर साठलेले सगळे 'नाय' भडाभडा बाहेर आले. लहानपणी श्वास रोखून गिळल्याचं सांगितलं, पळीचं सांगितलं, कावळा पिंडावर बसला तेव्हा मनात काय आलं तेही सांगितलं.

लंकाबाई ऐकत राहिली. मग तिचा चेहरा लाल झाला. "अहो, मलाही ते गिळवत नव्हतं!" ती ओरडली. "तुम्हाला आवडतं म्हणून केलं, तुमच्यासाठी म्हणून खाल्लं! कावळ्याला शब्द दिला मी! आणि तुम्ही... एकदा तोंड उघडलं असतं ना, एकदाच, तर माझी बडगी माळ्यावर सडली नसती इतकी वर्षं!" आणि ती रडायला लागली, मोठ्यानं, लहान मुलीसारखी.

कोंडाजीला स्वतःची लाज वाटली. कुणाचं मन मोडू नये म्हणून तो गप्प बसला होता, आणि त्या गप्प बसण्याची सगळी किंमत या बाईनं मोजली. तिचं भरीत गेलं, तिची बोली गेली. त्यानं साधं विचारलंही नव्हतं. त्याला तिच्या खांद्यावर हात ठेवायचा होता, पण हाताला भरीत लागलं होतं.

बऱ्याच वेळानं लंकाबाईनं पदरानं नाक पुसलं. काहीतरी तिच्या मनात आलं असावं, कारण तिचे डोळे बारीक झाले.

"म्हणजे नावडतं सोडलंत तुम्ही."

"हो."

"नावडतं सोडलं तर ते सोडणंच नाही. तोंडली सोडणारे आणि तुम्ही सारखेच. काशीला तुम्ही काही सोडलंच नाही."

कोंडाजीचा चेहरा उजळला. "म्हणजे पाप नाय? मग खाऊ हे?"

"थांबा." लंकाबाईनं पातेल्याच्या काठावर हात ठेवला. आणि लग्नाच्या पहिल्या आठवड्यात गप्प झालेली तिची बोली एकदम तोंडातून बाहेर आली. "हाई भरीत. मन्हं. तुमले आवडस का?"

कोंडाजी उत्तर द्यायला गेला आणि थबकला. आवडत नाही म्हटलं, तर काशीचं बंधन नाही, पातेलं मांडीत आणि रविवार मरेपर्यंत आपला. आवडतं म्हटलं, तर आवडीची वस्तू काशीला सोडलेली, संपलं. त्यानं पातेल्यात बघितलं. अजून दोन भाकऱ्यांचं भरीत होतं. मग त्यानं तिच्याकडे बघितलं. ती वाट बघत होती. जेवण कसं झालंय, हे तिनं त्याला आजवर कधी विचारलं नव्हतं. विचारायची गरजच पडली नव्हती. तो सगळंच गिळायचा.

"माले आवडस," कोंडाजी म्हणाला. "लई आवडस."

लंकाबाईनं पातेलं त्याच्या मांडीवरून उचललं. काशीच्या घाटावर त्यानं ओंजळीतून सोडलेलं पाणी आता कुठं खाली पडलं.

तिनं स्वतःला ताट घेतलं, भाकरी मोडली आणि त्याच्यासमोरच जेवायला बसली. घाटावरची ती नजर तिच्या डोळ्यांत परत आली होती. कोंडाजी बघत बसला. प्रत्येक घास त्याच्या डोळ्यांदेखत जात होता.

"तोंड पाडू नका," ती खाता खाता म्हणाली. "सीताफळं आली की तुमची पाळी. तुम्ही खा, मी समोर बसून बघीन. फिट्टंफाट. आवडतं ना सीताफळ?"

कोंडाजीनं सवयीनं 'हो' म्हणायला तोंड उघडलं. मग मिटलं.

"नाय," तो म्हणाला. "बुळबुळीत लागतं."

लंकाबाईचा घास हातातच राहिला. "अहो," ती म्हणाली, "मग काशीला सीताफळ सोडायचं होतं ना! आज भरीत खात बसला असता!"

कोंडाजीला हे सुचलंच नव्हतं. त्याचा चेहरा बघून लंकाबाई अशी हसत सुटली की मिरचीचा ठसका लागला आणि थांबेना. कोंडाजी उठला, आणि त्यानं तिला पाणी आणून दिलं.